बाबांच्या नावापुढं श्रमदान

"तो कोपरा राहिला बघा."

संडासाच्या दाराबाहेर उभा राहून, नाकाला रुमाल लावून एक माणूस हे बोलत होता. आत ओल्या फरशीवर गुडघे टेकून माझा बाप बसलेला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शर्टाच्या बाह्या वर. हातात ब्रश. शेजारी ॲसिडची बाटली.

"हो साहेब," बाबा बोलले, आणि कोपरा घासायला लागले.

पालिकेचं ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र हे. बाहेर हॉलमध्ये अंताक्षरी चाललेली. दोघं-तिघं कॅरम खेळत होते. एक आजी शाल विणत होत्या. सगळे बाबांच्याच वयाचे. काही तर लहान. सगळ्यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात चहाचे कप. आणि त्यांच्यातलाच एक म्हातारा, ज्याला मी रोज सकाळी आंघोळ घालून, केस विंचरून, डबा देऊन इथं सोडून जायचे, तो त्यांचा संडास घासत होता.

त्या दिवशी मी लवकर सुटलेले. कोलशेतला औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला आहे. मशीन बंद पडली म्हणून दुपारीच सोडलं. वाटलं, बाबांना जरा लवकर घेऊन जावं, वाटेत उसाचा रस पाजावा. खूश होते मी, सांगते ना.

तो माणूस केंद्राचा सचिव. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला. सगळे त्याला सर म्हणायचे, मीपण म्हणायचे. मला बघून तो जरासुद्धा दचकला नाही. उलट हसला.

"अहो, त्यांना आवडतं," बोलला. "आम्ही कुणाला जबरदस्ती करत नाही. उलट हातपाय चालते राहतात. त्यांच्यासाठी चांगलंच आहे."

मी काय केलं? त्याची कॉलर धरली? ब्रश हिसकावून त्याच्या तोंडावर मारला? नाही. मी बोलले, "बाबा, चला घरी." बाबांचे हात धुतले. आणि निघताना, माझ्या तोंडाला आग लागो, मी त्या माणसाला बोलले, "येते सर."

येते सर. आजपण हे दोन शब्द आठवले की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

बाबा सफाई खात्यात होते. सगळी नोकरी झाडू आणि गटारात गेली. पहाटे हजेरी शेडला मुकादम रजिस्टर घेऊन उभा राहायचा, एकेकाचं नाव पुकारायचा, आणि नाव आलं की "हजर" असं ओरडायचं. हजेरी चुकली की दिवस गेला. म्हणून बाबा कधी चुकले नाहीत. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीपण ते हजेरीला गेलेले.

रिटायर झाले आणि काही वर्षांनी डोक्यातलं एकेक पुसायला लागलं. आधी गल्ली विसरले. मग माझ्या भावाला विसरले. तो विठ्ठलवाडीला राहतो, महिन्यातून एकदा फोन करतो, त्याला विसरले त्याचं मला फारसं वाईट नाही वाटलं. मला कधी पोरी म्हणायचे, कधी अहो बाई म्हणायचे. पण एक गोष्ट कधी पुसली गेली नाही. हजेरी. पहाटे उठून खाकी पॅन्ट शोधायचे, दाराशी उभे राहायचे. "दार उघड. मुकादम खाडा लावेल."

मी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायचे. हो, बापाला कोंडून जायचे. दुसरा उपाय सांगा. लग्न मोडून माघारी आलेली बाई, एक खोली, एक पगार. दिवसभर ते दार वाजवायचे. शेजारचे बोलायचे, तुझ्या बापानं डोकं उठवलं. एकदा शेजारणीनं दया येऊन कुलूप काढलं तर बाबा निघून गेले. संध्याकाळी सापडले ते रस्त्याकडेच्या नाल्यात, कमरेएवढ्या पाण्यात. हातात बांबू. चोकअप काढत होते. लोक वरून मोबाईलवर शूटिंग करत होते.

त्यानंतर माझ्यापुढं दोनच रस्ते होते. नोकरी सोडायची, नाहीतर बाबांना दिवसभर सांभाळेल अशी जागा शोधायची. नोकरी सोडली तर खाणार काय? म्हणून जागा. मला एक खुर्ची पाहिजे होती बस. माझा बाप सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुखरूप बसेल एवढी एक खुर्ची.

केंद्राच्या दारावर मोठा फलक होता. विस्मरण झालेल्या ज्येष्ठांसाठी दिवसभराची सोय, घरच्यांना आधार. पालिकेनं जागा दिलेली, चालवायला त्या भागातल्या ज्येष्ठांची एक संस्था. मी चार वेळा खेटे घातले. पहिल्यांदा बोलले, जागा नाही. दुसऱ्यांदा, दोन सभासदांची शिफारस आणा. आजूबाजूच्या टॉवरमधला एकही माणूस मला ओळखत नव्हता. तिसऱ्यांदा सचिव जेवायला गेलेले. चौथ्यांदा भेटले. फॉर्म बघता बघता विचारलं, "वडील काय करायचे?"

"पालिकेत होते."

"कुठल्या खात्यात?"

"सफाई."

त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. वरून खालपर्यंत. फॉर्मवर जात लिहायची जागा नव्हती, पण ती तिथल्या तिथं भरली गेली. आणि काय सांगू, दोन सेकंदांत जागा झाली. शिफारस नको, काही नको. "ठीक आहे. सोमवारी घेऊन या."

मी त्याच्या पाया पडले. वाकून, दोन्ही हातांनी. दुसऱ्या दिवशी पेढे नेऊन दिले. देवमाणूस भेटला, असं मी सगळ्या चाळीत सांगत फिरले.

पुढचे दोन आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातले सगळ्यात हलके दिवस. बाबा संध्याकाळी घरी यायचे आणि जेवून गाढ झोपायचे. पूर्वी रात्रभर येरझाऱ्या घालायचे, आता घोरायचे. मला वाटलं, चार माणसांत मन रमतंय. बोटांची सालं निघायला लागलेली. मला वाटलं, उन्हाळा आहे. मी खोबरेल तेल लावायचे. दवाखान्यात नेलं, डॉक्टर बोलला, साबण बदला. मी साबण बदलला. किती भोळी असावी बाईनं? माझा बाप ॲसिडनं सोलून निघत होता आणि मी साबण बदलत होते.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. ही मी कुणाला सांगितली नव्हती.

तो कोपऱ्याचा प्रकार बघितला, बाबांना घरी आणलं, रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले. आणि सकाळी? सकाळी परत तिथंच नेऊन सोडलं. कारण मला दिवसपाळी होती. कारण आधीच दोन खाडे झालेले. मी सचिवाला हात जोडून सांगितलं, "सर, त्यांना काम नका सांगू. त्यांना कळत नाही. त्यांना वाटतं ड्युटी आहे." तो बोलला, "बरं बरं." पेपरातून डोकंपण वर काढलं नाही. मी गेले. दिवसभर गोळ्यांची पाकिटं मोजताना आकडा चुकत होता, पण गेले.

संध्याकाळी न्यायला आले. बाबांची पॅन्ट गुडघ्यापासून खाली ओली होती.

नेताना रजिस्टरवर सही करायची असते. रोज करायचे, घाईघाईत. त्या दिवशी डोळे पुसत वाचलं. प्रत्येक सभासदाच्या नावापुढं एक रकाना, आजचा उपक्रम. एकाच्या पुढं योगासन. एकीच्या पुढं भजन. कॅरम, वाचन, अंताक्षरी. आणि माझ्या बापाच्या नावापुढं, सुंदर वळणदार अक्षरात, श्रमदान.

पान उलटलं. श्रमदान. मागचं पान. श्रमदान. पहिल्या सोमवारपासून एक दिवस चुकला नव्हता. कामचुकार नाही माझा बाप.

मला वाटलेलं की लपूनछपून चाललंय. म्हातारा भोळा आहे, फायदा घेतात. पण नाही. त्यांना लपवायची गरजच वाटली नव्हती. रोज लिहून ठेवत होते, पुण्याचं काम असल्यासारखं. माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं. डोकं असं थंड झालं की मलाच भीती वाटली. मी मोबाईल काढला, प्रत्येक पानाचा फोटो घेतला. सही केली. आणि मनात बोलले, सर, आता तुमची जिरवल्याशिवाय मी मरत नाही.

बाहेर गेटजवळ एक बाई उभी होती. लता नाव. तिथं साफसफाईला होती ती, आणि आपला डबा अन् चप्पल न्यायला आलेली. बाबांना बघून तिनं नजर खाली घातली.

"तुमचे आले आणि मला नको सांगितलं, ताई," ती बोलली. "सर बोलले, आता गरज नाही."

म्हणजे आधीपासून ठरलेलं. मी सफाई म्हटलं त्या क्षणी त्याच्या डोक्यात हिशेब जुळला. माझ्या बापाला खुर्ची मिळालीच नव्हती. लताची जागा मिळालेली. आणि त्यासाठी मी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत सुपरवायझरच्या हातापाया पडून रात्रपाळी मागून घेतली. रात्री काम, दिवसा बाबा. रात्रीपुरतं शेजारणीनं बघायचं कबूल केलं, कारण रात्री बाबा दार वाजवायचे नाहीत, नुसत्या येरझाऱ्या घालायचे. मी झोपायचे दोन तास, तीन तास, बाबांच्या मनगटाला माझ्या साडीचा पदर बांधून. आणि उरलेल्या वेळात पालिकेच्या पायऱ्या.

समाजविकास विभागात एक मॅडम होत्या. फोटो बघितले, कपाळाला आठी पडली, पण बोलल्या काय? "ज्येष्ठ मंडळी आहेत हो. चांगलं काम करतात. समजुतीनं घ्या."

"माझे वडील ज्येष्ठ नाहीत का?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईल परत माझ्याकडं सरकवला. मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. लिहायला येत नव्हता तर झेरॉक्सवाल्याकडून शिकून घेतला. केंद्राचा आणि पालिकेचा करारनामा द्या, एवढंच मागितलं. महिनाभरानं कागद आला. सरकारी मराठी, तीनदा वाचावी लागते. पण होतं त्यात सगळं. साठ वर्षांवरच्या कुठल्याही रहिवाशाला प्रवेश द्यायचा. शिफारशीचा एक शब्द नाही. साफसफाईला माणूस संस्थेनं ठेवायचा. आणि पालिकेनं दरवर्षी तपासणी करायची.

मी तो कागद घेऊन परत मॅडमकडं गेले. त्यांनी वाचला. मग टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडं फिरवलं, एका तारखेवर पेनाचं टोक ठेवलं आणि बोलल्या, "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही." तपासणीचा दिवस. मी मान हलवली. त्या बाईबद्दल माझं मत त्या दिवशी जरा बदललं.

मग गणपत मुकादमांना शोधलं. बाबांचे मुकादम. पंचवीसेक वर्षं ह्या माणसानं माझ्या बापाचं नाव पुकारलेलं. कोलशेतच्या जुन्या गावठाणात राहतात, स्थानिक घरातले, थोडी जागा आहे, खाऊनपिऊन सुखी. लहानपणी मला त्यांचा राग यायचा, बाबांना शिव्या द्यायचे म्हणून. मी मोबाईलवरचे फोटो दाखवले. श्रमदान, श्रमदान, श्रमदान. म्हातारा चष्मा काढून पुसत राहिला.

"किसनला?" बोलले. "मी त्याला गटारात उतरवला, पगारावर उतरवला. ते माझं पाप मी भोगीन. पण हे कोण भडवे?"

"साहेब लोक आहेत, काका."

"किती माणसं पाहिजेत तुला?"

त्यांनी चार दिवसांत अकरा जण गोळा केले. सगळे रिटायर सफाई कामगार, सगळे साठच्या वर, सगळे त्याच वॉर्डातल्या चाळींमधले. इतकी वर्षं त्या केंद्रावरून जात होते, एकालाही माहीत नव्हतं की ते आपल्यासाठीपण आहे. एक जण बोलला, "मला वाटलेलं बँक आहे." आम्ही सगळ्यांचे फॉर्म भरले. सोबत आधार, वयाचा दाखला, करारनाम्याची झेरॉक्स.

तपासणीच्या दिवशी मी बाबांना पांढरा शर्ट घातला. त्या अकरा जणांनीपण पांढरेच घातलेले, कुणी सांगितलं नव्हतं. मी दार ढकललं आणि ते अकरा जण, बाबा, गणपत मुकादम आणि मी, असे आत गेलो. हॉल सजवलेला. फुलं, रांगोळी, समोसे. मॅडम आणि पालिकेचे दोन साहेब आधीच बसलेले. अंताक्षरी थांबली.

सचिव उठून आला. "हे कोण?"

"तुमचे नवीन सभासद, सर," मी बोलले, आणि फॉर्मचा गठ्ठा त्याच्या हातात नाही, मॅडमच्या हातात दिला.

"अहो, आज नको, आज तपासणी आहे," तो खालच्या आवाजात बोलला.

"म्हणूनच आज."

आणि तेवढ्यात जे व्हायला नको होतं ते झालं. बाबांना ती जागा ओळखीची. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, बाह्या वर केल्या आणि सरळ संडासाकडं चालायला लागले. मी हात धरला तर झटकला. "सोड. साहेब आलेत. घाण दिसली तर मुकादम बोलतील." मी ओढतेय, ते पुढं जातायत. सगळा हॉल बघतोय. सचिवाच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं साहेबांकडं वळून हातांनी दाखवलंपण, बघा, त्यांना स्वतःलाच आवडतं.

त्या क्षणी मी हरलेले. खरंच सांगते.

"किसन!"

हजेरी शेडचा आवाज. गणपत मुकादमांचा. एवढ्या वर्षांनी तस्साच. समोशाची बशी धरलेला माणूस दचकला.

बाबा जागच्या जागी थांबले. ताठ झाले. "हजर!"

"ड्युटी सुटली तुझी. सगळी ड्युटी सुटली. इकडं येऊन बस."

"सुटली?"

"मी सांगतोय ना. बस खाली."

बाबा वळले. बाह्या खाली केल्या, बटणं लावली. आणि हॉलच्या मधोमध, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी इतके महिने हात जोडून, रडून, ओरडून जे करू शकले नव्हते ते झालं. बाकीचे अकराही बसले. कुणालाही न विचारता.

मी मोबाईल साहेबांसमोर धरला. एकेक पान सरकवलं. मोठा साहेब वाचत गेला. "हे काय आहे?"

"श्रमदान म्हणजे ऐच्छिक असतं सर," सचिव बोलायला लागला. "स्वेच्छेनं, सेवाभावानं..."

"ह्या रजिस्टरात तुमचंपण नाव आहे," मी बोलले. "तुमच्या नावापुढं एकदा तरी आहे का? एकदा? दाखवा, मी आत्ता तुमच्या पाया पडते. मला सवय आहे त्याची."

मग कोपऱ्यातून आवाज आला. शाल विणणाऱ्या आजी.

"ती खरं सांगतेय. रोज करायला लावायचे. आम्ही सगळ्यांनी बघितलंय." आणि मग हळू आवाजात, "आम्ही चहा पीत बघितलंय."

सचिव लाल झाला. मग पांढरा. मग मला बाजूला बोलावलं, मी गेले नाही. तेव्हा सगळ्यांसमोर हात जोडले. "चुकलं असेल. मी माफी मागतो. झालं?"

झालं? अरे, झालं कसं? माझ्या बापाची बोटं सोलली, लताचं काम गेलं, मी रोज सकाळी माझ्या हातानं त्याला तुझ्याकडं आणून सोडत होते, आणि तू दोन हात जोडलेस की झालं? माझ्या डोळ्यांसमोर तो रुमाल आला, नाकाला लावलेला.

मी संडासात गेले. ब्रश आणला. त्याच्यापुढं धरला.

"माफी नको. तो कोपरा राहिलाय."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. कुणीतरी बोललं, "अहो, सत्तर वर्षांचे आहेत ते. किती ताणायचं?"

"माझा बाप अठ्ठ्याहत्तरचा आहे," मी बोलले.

त्यानं साहेबांकडं बघितलं. साहेब कागद चाळत होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यानं आपल्या लोकांकडं बघितलं. एकजण उठला नाही. एकजण नाही हो. जी माणसं रोज त्याला सर सर म्हणायची त्यातलं एकपण बोललं नाही की द्या इकडं, मी करतो. त्यानं ब्रश घेतला. दोन बोटांनी.

गुडघे टेकायला त्याला वेळ लागला. मी दाराबाहेर उभी राहिले, तो उभा राहायचा तिथंच. बघत राहिले. ॲसिडच्या वासानं तो खोकला. मला मजा आली. खोटं कशाला बोलू? पोट भरून मजा आली. कुणी म्हणेल, तू पण त्याच्यासारखीच झालीस. म्हणा. मी ऐकून घेते. पण ते म्हणायच्या आधी एकदा आपल्या बापाला तिथं गुडघ्यावर बघा, मग या.

बाबांची खुर्ची दारासमोरच होती. ते मान वाकडी करून आत बघत होते. "साहेब, तसं नाही," ते बोलले. "कडेनं घ्या, हात दुखत नाही." आणि उठायला लागले. गणपत मुकादमांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं.

त्यानंतर सचिवानं पद सोडलं. लता परत आली. अकरापैकी नऊ जण रोज येतात, एकानं कॅरममध्ये सगळ्यांना हरवून भांडणं लावलीत. बाबा सकाळी जातात, संध्याकाळी येतात, मी दिवसपाळी करते. गणपत मुकादम आठवड्यातून दोनदा येऊन "ड्युटी सुटली" असं सांगून जातात, कारण बाबा विसरतात. तो माणूस अजून येतो. पेपर तोंडासमोर धरून बसतो. मला निरोप पाठवलेला, झालं गेलं विसरून जाऊ. मी उलट निरोप पाठवला, विसरायचं काम आमच्या घरात एकच माणूस करतो.

मध्ये एकदा बाबांची नखं कापत होते. त्यांनी मला विचारलं, "ते साहेब खूश होते ना माझ्यावर? संडास स्वच्छ करायचो मी. एक डाग ठेवत नव्हतो."

मी नखं कापत राहिले. आपला अपमान झाला हे माझ्या बापाला माहीतच नाही. त्याला कधी कळणारपण नाही. तो अपमान सगळा माझ्याकडं राहिला. मग मीच तो सांभाळणार. विझू देणार नाही. लोक सांगतात, मन मोठं कर. नाही करत. जेवढं आहे तेवढं बरोबर आहे.

आता रविवारी मला सुट्टी असते. मी बाबांना मुकादमांकडं बसवते आणि केंद्रं फिरते. ठाण्यातली, मग कल्याणची, मग डोंबिवलीतली, एकेक. कराराची झेरॉक्स पिशवीत असते. आत गेले की आधी संडास बघते, मग रजिस्टर मागते. कोण तुम्ही विचारतात. मुलगी आहे सांगते. कुणाची विचारलं तर उत्तर देत नाही. अजून कुठं काही सापडलं नाही. चांगलं आहे. पण ज्या दिवशी एखादा म्हातारा मला ब्रश घेऊन गुडघ्यावर दिसेल, त्या दिवशी मी त्याचं नाव विचारणार नाही. त्याच्या हातात तो कुणी दिला त्याचं विचारणार. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. आणि मग मी येते सर म्हणणार नाही. दार लावून घेईन आतून, आणि तो माणूस शेवटचा कोपरा घासेपर्यंत उघडणार नाही.